मागं ट्रेलर असला की पाचवा गिअर का नको? ओव्हरड्राइव्हची भानगड सोप्या भाषेत

मिस्त्रीनं तो गिअर डिझेलमध्ये धुतला, फडक्यानं पुसला आणि माझ्या तळहातावर ठेवला. बांगडीएवढा गोल, अंगानं बारीक, दातांवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे आणि दोन दातांचे कोपरे तर उडालेलेच. शेजारी परातीत गिअर बॉक्समधनं काढलेलं ऑइल होतं, काळं, जळकट वासाचं, परात उन्हात जरा हलवली की त्यात पितळेचा चुरा चमकायचा. पहिला, दुसरा, तिसरा गिअर बघितले तर कालच बसवल्यासारखे. गेला होता तो फक्त पाचवा.

गाडी माझ्या मावसभावाची. त्याचा स्लॅबचा धंदा आहे, लिफ्टवाला मिक्सर पिकअपच्या मागं जोडायचा, पिकअपमध्ये सेंट्रिंगच्या प्लेटा आणि माणसं भरायची आणि बेळगावपासनं हत्तरगी, संकेश्वर, निपाणी, जिथं काम लागेल तिथं जायचं. बेळगावच्या ऑटोनगरात गाडी उघडली तेव्हा मिस्त्रीनं त्याला एकच प्रश्न विचारला, "चढाला पाचव्यातच ओढत होतास न्हवं? खरं सांग." भाऊ म्हणाला, "व्हय, पण मामा, कंपनीनंच दिलाय की पाचवा, मग वापरायचा नाही तर कशाला दिलाय?"

प्रश्न अगदी रास्त आहे आणि हा एकट्या त्याचा प्रश्न नाही. आता आपल्या भागात पिकअपच्या मागं काहीही जोडतात, मिक्सर, मंडपवाल्यांचा जनरेटर, कॉम्प्रेसर, आणि ज्यांच्याकडं ऑटोमॅटिक गाडी आहे त्यांतल्या काहींना तर गिअरच्या दांड्यावर ओ/डी, म्हणजे ओव्हरड्राइव्ह, लिहिलेलं बटण असतं, ते कधी दाबायचं हे शोरूमवाला पण नीट सांगत नाही. म्हणून मिस्त्रीकडनं जे समजलं आणि नंतर मी स्वतः बसून जो हिशेब केला तो इथं लिहितोय.

ओव्हरड्राइव्ह म्हणजे नेमकं काय

गिअर बॉक्सला एका बाजूनं इंजिनचा शाफ्ट आत येतो आणि दुसऱ्या बाजूनं चाकांकडं जाणारा शाफ्ट बाहेर पडतो. पहिल्या गिअरात इंजिन चार-पाच फेरे मारतं तेव्हा बाहेरचा शाफ्ट एक फेरा मारतो, म्हणून गाडी हळू चालते पण ताकद भरपूर असते. दुसऱ्या, तिसऱ्यात हे प्रमाण कमी कमी होत जातं. चौथ्याला येईपर्यंत बहुतेक पाच गिअरच्या पिकअपमध्ये इंजिनचा एक फेरा म्हणजे बाहेरचाही एकच फेरा, सरळ हिशेब, ह्याला डायरेक्ट गिअर म्हणतात. आणि पाचव्यात उलटं होतं, इंजिन एक फेराही पूर्ण मारत नाही तोवर बाहेरच्या शाफ्टचा एक फेरा झालेला असतो. इंजिनपेक्षा बाहेरचा शाफ्ट जोरात फिरायला लागला की तो ओव्हरड्राइव्ह. एवढंच.

म्हणजे साध्या गाडीतला पाचवा गिअर हाच ओव्हरड्राइव्ह, त्याला वेगळं बटण नसतं म्हणून आपल्याला तो शब्द माहीत नाही. जुन्या अँबेसिडरला चारच गिअर होते आणि चौथा डायरेक्ट होता, त्यामुळं त्या काळच्या ड्रायव्हरांना हा प्रश्नच कधी पडला नाही.

ह्यात एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची, गिअर बॉक्स ताकद तयार करत नाही. स्पीड वाढवला की ताकद कमी होणार आणि ताकद वाढवली की स्पीड कमी होणार. डोक्यावर वाळूची पाटी घेऊन फळीवरनं वर चढणारी बाई बघा, ती लहान लहान पावलं टाकते, ढांगा टाकत नाही. तीच बाई संध्याकाळी रिकाम्या हातानं घरी जाताना लांब पावलं टाकत झपाझप जाते. पाचवा गिअर म्हणजे ती घरी जातानाची चाल. ओझं डोक्यावर असताना कोणी त्या चालीनं चढायला लावलं तर गुडघे जाणारच.

तवंदीच्या चढाचा हिशेब

आता आकडे घेऊन बघू, कारण नुसतं "लोड येतो" म्हणून कोणाला पटत नाही.

पिकअप, मिक्सर, प्लेटा, माणसं सगळं मिळून ३ टन धरू. निपाणीजवळचा तवंदीचा घाट डोळ्यासमोर ठेवून चढ असा धरू की १०० मीटर पुढं गेलं की ५ मीटर वर. ह्या चढावर ३ टनाच्या गाडीला तिचं स्वतःचं वजनच मागं खेचत असतं, साधारण १५० किलोच्या जोरानं. म्हणजे सिमेंटची तीन पोती दोरीला बांधून विहिरीतनं सतत वर ओढत राहायची. त्यात टायरचं घासणं, वारा हे मिळवलं की ५० च्या स्पीडला साधारण २१५-२२० किलोची ओढ होते.

ही ओढ गिअर बॉक्समधनं बाहेर पडणाऱ्या शाफ्टला किती पिळते ते बघायचं. त्या पिळाला टॉर्क म्हणतात आणि तो न्यूटन मीटरमध्ये मोजतात. पान्याच्या उदाहरणानं सांगतो, एक मीटर लांबीचा पाना आडवा धरून त्याच्या टोकाला २० किलो वजन लटकवलं तर नटावर साधारण २०० न्यूटन मीटरचा पीळ पडतो. नेहमीच्या पिकअपचे टायर आणि मागचा क्राऊन-पिनियन (मागच्या चाकांच्या मधल्या डब्यातली गिअरची जोडी) धरून हिशेब केला तर आपल्या चढाला त्या शाफ्टवर १८० च्या आसपास न्यूटन मीटर लागतात.

चौथा डायरेक्ट असल्यामुळं इंजिनलाही तेवढेच, म्हणजे १८० द्यावे लागतात. पाचव्याचं प्रमाण ०.८ धरलं तर इंजिनला २२५ च्या वर द्यावे लागतात. आणि तिसऱ्यात, जिथं प्रमाण साधारण १.४ असतं, तिथं फक्त १३०. आता समजा इंजिनची पूर्ण ताकदच २०० न्यूटन मीटर आहे. मग पाचव्यात पाय पार तळाला टेकवला तरी ते होणारच नाही, गाडी दमत जाणार आणि मागनं येणारा कंटेनर हॉर्न मारणार. चौथ्यात जेमतेम होईल. तिसऱ्यात इंजिन आरामात ओढेल आणि वर थोडं शिल्लकही राहील.

माझा भाऊ नेमकं काय करत होता तर खालच्या सपाटीवर घेतलेल्या वेगाच्या जोरावर अर्धा चढ पाचव्यात काढायचा, मग पाय दाबून धरायचा, आणि गाडी अगदी थरथरायला लागली की चौथा टाकायचा. रोज, दीड वर्ष.

इंजिन घोरतं म्हणजे आत काय होतं

कमी फेऱ्यांवर जास्त लोड आला की इंजिनचा आवाज बदलतो, जाड, घोरल्यासारखा, आणि डॅशबोर्डवरची नाणी वाजायला लागतात. हा आवाज ऐकला की माझ्या अंगावर काटा येतो आता.

५० च्या स्पीडला वरच्या हिशेबातल्या पिकअपचं इंजिन पाचव्यात मिनिटाला साधारण १२४० फेरे मारतं आणि तिसऱ्यात साधारण २१७०. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात दोनदा डिझेल पेटतं, म्हणजे पाचव्यात सेकंदाला ४१ वेळा आणि तिसऱ्यात ७२ वेळा. गाडीला वर न्यायचं काम मात्र दोन्हीकडं तेवढंच. आता ऊस भरताना ट्रॉलीवर ४१ माणसं मोळ्या टाकणार की ७२, ओझं तर तेवढंच आहे, ४१ जणांना प्रत्येकाला जास्त उचलावं लागणार. तसा प्रत्येक स्फोट मोठा होतो, पिस्टनवर आणि खाली क्रँकच्या बेअरिंगवर हातोडा बसल्यासारखा.

शिवाय टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा. बहुतेक टर्बो डिझेल इंजिनांना १५००-१६०० फेऱ्यांच्या खाली दम नसतो कारण टर्बो हवाच पुरेशी ढकलत नाही. हवा कमी आणि पाय दाबून डिझेल जास्त, म्हणून मागनं काळा धूर. नवीन गाडीत कॉम्प्युटर डिझेल आवरतो त्यामुळं धूर दिसत नाही, पण गाडीही ओढत नाही. आणि पाण्याचा पंप इंजिनच्याच फेऱ्यांवर चालतो, बऱ्याच पिकअपचा फॅनसुद्धा. म्हणजे इंजिन सगळ्यात जास्त तापायच्या वेळेला पाणी हळू फिरतंय, एप्रिल-मेमध्ये घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या बघितल्यात ना, त्यातल्या काहींचा प्रॉब्लेम हाच.

पाचवाच का गेला, बाकीचे का नाहीत

हे मिस्त्रीनं गिअर बॉक्स उघडाच होता तेव्हा बोटानं दाखवलं आणि मला सगळ्यात जास्त पटलं ते हेच.

चौथा टाकला की आत येणारा शाफ्ट आणि बाहेर जाणारा शाफ्ट एकमेकांत थेट अडकतात, अखंड एक दांडा असल्यासारखे. ताकद कुठल्याही दातांवरनं जात नाही. म्हणून चौथ्यात गिअर बॉक्स सगळ्यात कमी तापतो आणि सगळ्यात कमी झिजतो. पाचव्यात तसं नाही, ताकद आधी एका दातांच्या जोडीवरनं खालच्या शाफ्टवर जाते, तिथनं दुसऱ्या जोडीवरनं परत वर येते. आणि पाचव्याची ती जोडी बऱ्याच गिअर बॉक्समध्ये पार शेपटाला, मुख्य घराच्या बाहेर आलेल्या शाफ्टवर बसवलेली असते, कारण चार गिअरच्या जुन्या डब्यालाच मागं वाढवून तिला जागा केलेली असते. तिथं आधार कमी, ऑइल पोचायला लांब, आणि गिअर अंगानं बारीक. इंजिनिअरनं तो बारीक केला ह्यात त्याची चूक नाही, रिकाम्या किंवा नेहमीच्या लोडच्या गाडीला सपाट रस्त्यावर एवढा गिअर पुष्कळ झाला, मागं मिक्सर लावून चढ चढायचं काम त्याला दिलेलंच नव्हतं.

तुमच्या गाडीत डायरेक्ट कुठला हे बघायला गाडीबरोबर आलेलं पुस्तक उघडायचं. शेवटच्या पानांत गिअरच्या प्रमाणांचा तक्ता असतो, ज्याच्यापुढं १.००० लिहिलंय किंवा जो त्याच्या सगळ्यात जवळ आहे तो धरायचा, त्याच्यापुढचे एकापेक्षा कमी आकडे सगळे ओव्हरड्राइव्ह. सहा गिअरच्या गाडीत असे दोन असू शकतात, तेव्हा "सहावा काढून पाचव्यात आलो" म्हणजे सुटलो असं समजू नका. आणि त्याच पुस्तकात मागं किती वजन ओढायला परवानगी आहे तेही बघा. दिलेलं नसेल तर कंपनीनं तो विचारच केलेला नाही असं धरून चाला.

"पण खालचा गिअर म्हणजे डिझेल जास्त की"

सपाट रस्त्यावर, हो. हे नाकारण्यात अर्थ नाही. ओव्हरड्राइव्ह आलाच त्यासाठी, फेरे कमी, आवाज कमी, डिझेल कमी. अमेरिकेत १९३४ च्या क्रायस्लर एअरफ्लो गाडीला ओव्हरड्राइव्ह मिळायचा तो पण लांब सपाट रस्त्यांवर इंजिनला आराम मिळावा म्हणूनच. बेळगावहून हुबळीकडं रिकामी पिकअप घेऊन चालला असाल आणि चौथ्यातच बसून राहिलात तर उगाच डिझेल जाळताय.

पण चढावर लोड घेऊन पाचव्यात राहिलं की ती बचत संपते, कारण पाय पूर्ण दाबलेला असतो, टर्बोला हवा पुरत नाही आणि डिझेल नीट जळत नाही. आणि गाडी दमून ३०-३५ वर आली की शेवटी तिसरा नाही तर दुसराच टाकावा लागतो, मग तिथनं परत वेग घ्यायला जे डिझेल जातं ते वेगळंच. भावाचा गिअर, सिंक्रो रिंग (गिअर अलगद पडावा म्हणून बसवलेलं पितळी कडं), दोन बेअरिंग, ऑइल, मजुरी आणि चार दिवस बुडालेली कामं ह्यांचा खर्च काढला आणि त्यातनं किती लिटर डिझेल आलं असतं ते त्यानं स्वतःच भिंतीवर खडूनं लिहून बघितलं. नंतर बराच वेळ तो काही बोलला नाही.

"रेस वाढवली तर इंजिन झिजतं"

हे आपल्याकडं वाडवडिलांपासनं चालत आलंय आणि अर्धंच खरं आहे. पिकअपच्या डिझेल इंजिनांना बहुधा ४००० च्या आसपास मर्यादा असते, २२०० म्हणजे त्याची आरामाची चाल. आवाज चढा वाटतो म्हणून आपल्याला इंजिनला त्रास होतोय असं वाटतं, पण चढा मोकळा आवाज म्हणजे त्रास नाही, जाड घोरणारा आवाज म्हणजे त्रास. ऊसाच्या दोन ट्रॉल्या घेऊन कारखान्याला जाणारा ट्रॅक्टर बघा, चांगला ड्रायव्हर चढ लागायच्या आधीच गिअर पाडून घेतो, मध्यावर नाही. मध्यावर गिअर पाडायला गेला आणि चुकला तर दोन ट्रॉल्या त्याला मागं घेऊन जातात हे त्याला माहीत असतं. पिकअपवाल्यानं तेच शिकायचंय.

मग पाचवा कधीच नको का

तसं नाही. मागं हलका ट्रेलर आहे, रस्ता सपाट आहे, मागनं वारा आहे, आणि पाचव्यात थोडासा पाय दाबून गाडी वेग धरून ठेवते, तर चालवा. खूण सोपी आहे. पाय जरा जास्त दाबला की गाडी वेग घेते का बघायचं. घेत असेल तर इंजिनकडं शिल्लक आहे. पाय दाबूनही काही फरक पडत नाही, नुसता आवाज जाड होतो, तर त्याच क्षणी खालचा गिअर. भावाच्या मिक्सरच्या बाबतीत मात्र माझं स्पष्ट मत आहे, मिक्सरचे टायर आणि बुश जोरात पळवायला केलेलेच नसतात, ४० च्या वर तो नाचायला लागतो, आणि ४० च्या स्पीडला पाचव्याचं कामच नाही. त्यामुळं मिक्सर मागं असला की पाचवा विसरायचा.

ऑटोमॅटिक गाडीत काय करायचं

हायलक्स, व्ही-क्रॉस अशा ऑटोमॅटिक पिकअप आता आपल्याकडंही दिसतात. हायलक्सचंच बघा, ऑटोमॅटिकमध्ये ५०० न्यूटन मीटर टॉर्क आहे, मग हिला कसली चिंता असं वाटेल. इंजिनला नाहीच, चिंता गिअर बॉक्सच्या ऑइलची.

ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. टेबलावर एक पंखा चालू ठेवा आणि त्याच्यासमोर दुसरा बंद पंखा तोंड करून ठेवा, दुसराही हळूहळू फिरायला लागतो, तसंच हे, फक्त हवेऐवजी ऑइल. सपाट रस्त्यावर हे दोन पंखे कुलूप लागल्यासारखे एकमेकांत अडकतात आणि घसरणं थांबतं. पण मागं ओझं आणि पुढं चढ असला की कुलूप सुटतं, पंखे घसरायला लागतात आणि सगळी घसरण ऑइलला तापवते. त्यातच गाडीचा कॉम्प्युटर गोंधळतो, ओव्हरड्राइव्हमध्ये ओढवत नाही म्हणून खालचा गिअर टाकतो, जरा वेग आला की परत वरचा, परत दम गेला की खालचा. दर थोड्या वेळानं गाडी हिसका देते ती ह्यामुळं. प्रत्येक बदलाला आतले क्लच घासतात. ऑइल जास्त तापलं की त्याचं वंगण जातं, लाल रंग जाऊन तपकिरी होतं आणि करपल्याचा वास येतो, आणि ऑटोमॅटिकचा गिअर बॉक्स उघडायची वेळ आली तर तो खर्च साध्या गिअर बॉक्ससारखा नसतो.

म्हणून असं गिअरचं खालीवर सुरू झालं की ओव्हरड्राइव्ह बंद करायचा. बटण असेल तर दाबायचं. इथं बरेच जण फसतात, डॅशबोर्डवर ओ/डी ऑफचा दिवा लागला म्हणजे ओव्हरड्राइव्ह बंद झालाय, चालू नाही. नवीन गाड्यांत बटण नसतं, दांडा बाजूला ओढून प्लस-मायनसनं वरचा गिअर अडवायचा. आणि "कॉम्प्युटर बघून घेतो की सगळं" हे खरं असलं तरी त्याला पुढचा चढ दिसत नाही, तो तुम्हाला दिसतो. क्रूझ कंट्रोल, म्हणजे वेग आपोआप धरून ठेवणारी सोय, असेल तर तोही घाटात बंद.

उतार, जिथं खरी भीती आहे

चढाला चूक झाली तर गिअर जातो. उताराला चूक झाली तर माणसं जातात, म्हणून हे जरा सविस्तर.

आमचे एक काका मराठा लाईट इन्फन्ट्रीतनं रिटायर झालेत, बटालियनच्या गाड्या चालवायचे. त्यांचं एक वाक्य मी लहानपणापासनं ऐकतोय, "ज्या गिअरात चढशील त्याच गिअरात उतर." लहानपणी ह्याचा अर्थ कळत नव्हता, गाडी तर आपोआप उतरते, मग गिअर कशाला?

चोर्ल्याचा घाट घ्या. बेळगावहून गोव्याला जाताना जांबोटी, कणकुंबीवरनं पुढं गेलं की चोर्ल्याहून खाली गोव्यातल्या केरीपर्यंत साधारण ७०० मीटरची उंची उतरायची असते. ३ टन वजन ७०० मीटर खाली येताना जी ऊर्जा बाहेर पडते ती कुठं तरी जायलाच पाहिजे. थोडी वाऱ्यात आणि टायरच्या घासण्यात जाते, बाकीची तुमच्या ब्रेकमध्ये. एकूण ऊर्जा किती तर विजेच्या हिशेबात साधारण पावणेसहा युनिट. आंघोळीच्या पाण्याच्या हिशेबात सांगायचं तर ६५ लिटर गार पाणी उकळायला लागेल एवढी. चुलीवर चार-पाच बादल्या पाणी उकळायला किती लाकडं जातात ते आठवा आणि आता तेवढी धग पिकअपच्या चार चाकांतल्या लायनरांनी आणि पॅडांनी खायचीय, आणि तीसुद्धा अर्ध्या-पाऊण तासात. मिक्सरला तर ब्रेकच नसतो, त्याचंही वजन पिकअपनंच थांबवायचं.

लायनर तापला की पकड सोडतो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, आणि आपल्या खानापूर भागातल्या पावसाळ्यात तर हवेत पाणीच पाणी. नवं डॉट ३ दर्जाचं ब्रेक ऑइल २०५ अंशाला उकळतं, पण ओलावा शोषलेलं १४० लाच उकळू शकतं. ऑइल उकळलं की नळीत बुडबुडे, आणि बुडबुडे दाबले जातात, ऑइल दाबलं जात नाही, त्यामुळं पेडल स्पंजासारखं थेट खाली. "ब्रेक फेल झाला" म्हणतात ते बऱ्याच वेळा हेच असतं, काही तुटलेलं नसतं.

गाडी गिअरमध्ये असली की चाकं इंजिनला फिरवतात आणि इंजिन त्यांना मागं धरून ठेवतं, हाच इंजिन ब्रेक. खालच्या गिअरात इंजिनचे फेरे जास्त आणि प्रमाणही मोठं, म्हणून धरून ठेवायची ताकद जास्त. पाचव्यात ती सगळ्यात कमी. चढताना जे प्रमाण तुमच्या विरोधात होतं तेच उतरताना पण विरोधात जातं. तिसऱ्यात, उतार जास्त असेल तर दुसऱ्यात उतरायचं, आणि ब्रेक सतत हलका दाबून न ठेवता मधूनमधून जरा जोरात दाबून वेग पाडायचा आणि सोडून द्यायचा, म्हणजे मधल्या वेळात लायनर गार होतात. मागं ट्रेलर असताना वेग आधी पाडून मग वळण घ्यायचं, वळणात ब्रेक मारला की ट्रेलर मागनं गाडीला ढकलून आडवी करतो.

"उताराला न्यूट्रल मारलं की डिझेल वाचतं"

हे तर कृपा करून डोक्यातनं काढून टाका. आजच्या सीआरडीआय (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कॉमन रेल डिझेल) इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना उताराला पाय पूर्ण उचलला की डिझेल जायचं बंदच होतं, थेंबसुद्धा नाही, कारण चाकंच इंजिनला फिरवत असतात. न्यूट्रल मारलं की इंजिनला बंद न पडण्यासाठी स्वतःचं डिझेल जाळावं लागतं. म्हणजे ज्या बचतीसाठी माणूस जीव धोक्यात घालतो ती बचतच उलटी आहे. आणि काही जण तर चावी पण बंद करतात. त्यावेळी ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो, पेडल दगडासारखं होतं आणि पॉवर स्टेअरिंग पण जड होतं. काकांसमोर कोणी असं केलं असतं तर त्यांनी गाडी थांबवून त्याला उतरवलं असतं.

भावाची गाडी आता कशी चालते

गिअर बॉक्स परत जोडून महिना झाला. परवा निपाणीहून रात्री काम आटपून येताना मी शेजारी बसलो होतो. तवंदीचा चढ सुरू व्हायच्या आधी, अजून रस्ता सपाटच होता, तेव्हाच त्यानं तिसरा टाकला. आवाज चढला, मागं झोपलेल्या पोरांतला एक जागा होऊन म्हणाला, "काय झालं वो?" भाऊ म्हणाला, "काय नाही, झोप तू." ४० वर काटा तसाच राहिला वर जाईपर्यंत. वर पोचल्यावर त्यानं चौथा टाकला आणि संकेश्वरच्या बाजूचा उतार लागल्यावर परत तिसरा. मिस्त्रीनं पहिलं ऑइल लवकर बदलायला सांगितलंय, नवीन रिंगांचा चुरा निघतो म्हणून, ते येत्या रविवारी करायचंय. जुना पाचवा गिअर त्यानं टाकून दिला नाही, डॅशबोर्डवर ठेवलाय, आणि नवीन ड्रायव्हर पोराला गाडी देताना आधी तो हातात देतो.